बलवान नायिका आणि मागे सरणारा नायक: ही माघार कशी लिहावी?

रेघोट्या

मी सध्या एका कादंबरीचा दुसरा खर्डा लिहीत आहे आणि तिच्यातल्या एका प्रसंगापाशी बराच काळ अडून राहिलो आहे. नायिका अग्निशमन दलात काम करते. ती उंच, रुंद खांद्यांची आणि अंगाने खरोखरच बलवान आहे. नायक ग्रंथालयात काम करणारा, मृदू बोलणारा आणि स्त्री-पुरुष समानतेविषयी मनापासून आस्था असलेला माणूस आहे. दोघांचे सूत जुळत असतानाच एका डोंगरउतारावर नायकाचा पाय मुरगळतो आणि नायिका त्याला खांद्यावर घेऊन, वाटेत सहज गप्पा मारत, पायथ्यापर्यंत आणते. तो तिचे आभार मानतो आणि ते आभार खरे असतात. मात्र त्या दिवसानंतर त्याची ओढ ओसरू लागते. तो भेटी पुढे ढकलतो, तिच्या हाताला हात लागला तर नकळत मागे घेतो, आणि असे का होते आहे हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही.

खर्डा वाचलेल्यांपैकी काहींच्या मते हा भाग सर्वांत खरा उतरला आहे. इतरांचे म्हणणे असे की इथून पुढे नायकाविषयी सहानुभूती उरत नाही आणि नायिकेने त्याला पुन्हा जवळ केलेले पाहवत नाही. मला दोन्ही मते पटतात आणि म्हणूनच पुढे जाता येत नाही. या पेचातून सुटण्याच्या ज्या वाटा मी इतरत्र वाचल्या आहेत, त्यांतली एकही मला नको आहे. एका वाटेवर नायिका जखमी किंवा आजारी पडते, नायक तिची शुश्रूषा करतो आणि समतोल साधल्यासारखे होते. दुसऱ्या वाटेवर नायकच एखादे साहसी कृत्य करून तिच्या बरोबरीला येतो. दोन्हीकडे तिचे बळ ही सोडवायची अडचण ठरते, आणि तसे मला म्हणायचे नाही.

पुरुषाची ही माघार लेखकाचा निवाडा न वाटता त्या पात्राची स्वतःची गोष्ट कशी वाटेल? आणि तिला साहित्यात काही पूर्वपरंपरा आहे का, हेही जाणून घ्यायला आवडेल.

जुनी_पोथी

परंपरा आहे, आणि ती फार जुनी आहे. पण तिच्यात एक गोष्ट ठळकपणे वेगळी आहे. जुन्या कथांमधला पुरुष बलवान स्त्रीला पाहून सहसा मागे सरत नाही. उलट तिच्या बळाची कीर्ती ऐकूनच तो दुरून येतो. घाबरतो तो नंतर, ती जिंकून घरी आणल्यावर.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे इसवी सन १२०० च्या सुमाराचे जर्मन महाकाव्य 'निबेलुंगेनलीड'. त्यातली ब्रुनहिल्ड आपल्या मागणीदारांना भालाफेक, दगडफेक आणि लांब उडी अशा तीन कसोट्यांवर पारखते आणि जो हरेल त्याचा जीव जातो. राजा गुंथर या कसोट्यांत टिकण्यासारखा नाही, म्हणून सीगफ्रीड हा वीर अदृश्य करणारे वस्त्र पांघरून त्याच्या वतीने लढतो आणि विजय गुंथरच्या नावावर जमा होतो. लग्नाच्या रात्री गुंथर तिच्याजवळ जातो तेव्हा ती त्याचे हातपाय आपल्या कमरपट्ट्याने बांधते आणि त्याला भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवते. पुढच्या रात्री सीगफ्रीड पुन्हा अंधारात येऊन तिला नमवतो आणि मग गुंथर तिचा पती होतो. कवी सांगतो की त्या क्षणापासून तिचे बळ नाहीसे झाले. ती इतर स्त्रियांसारखीच झाली. ज्या गुणासाठी गुंथर समुद्र ओलांडून गेला होता तो गुण घरात नांदू शकत नाही, अशीच त्या कथेची मांडणी आहे. पुढे त्या काव्यात जो सर्वनाश घडतो त्याचे मूळही याच फसवणुकीत आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कवीने तिचे बळ काढून घेतले असले तरी त्याची किंमत त्याने लपवलेली नाही.

ग्रीक पुराणकथेतली अटलांटा धावण्यात कोणालाच हार जात नाही. तिचा मागणीदार हिप्पोमेनीस तिला हरवतो तो वेगाने नव्हे, तर वाटेत तीन सोन्याची सफरचंदे टाकून. म्हणजे इथेही पुरुष तिच्या बरोबरीचा ठरत नाही. फक्त शर्यत जिंकली गेली असे म्हणण्याची सोय होते.

याउलट मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात तेराव्या शतकातल्या मंगोल कायदू खानाच्या मुलीची हकीकत येते, जिला आज आपण खुतुलून या नावाने ओळखतो. तिच्याशी कुस्ती खेळून हरणाऱ्याने शंभर घोडे द्यायचे असा पण होता आणि अशा रीतीने तिने दहा हजारांहून अधिक घोडे मिळवले, असे पोलो सांगतो. एक देखणा राजपुत्र एक हजार घोडे पणाला लावून येतो तेव्हा तिचे आईवडील तिला मुद्दाम हरण्याची गळ घालतात. ती नकार देते आणि त्यालाही चीत करते. या हकीकतीतले आकडे कितपत खरे मानायचे हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी आईवडिलांची ती विनवणी मला अस्सल वाटते. हरण्याची गरज तिला नव्हती. ती भोवतालच्या सगळ्यांना होती.

आपल्या नायकाकडे या प्रकाशात पाहावे असे मी सुचवीन. तो नायिकेच्या प्रेमात पडला तेव्हा ती बलवान आहे हे त्याला ठाऊक होते, किंबहुना तेच त्याला आवडले असावे. मग डोंगरउतारावर नेमके काय बदलले? तोवर ते बळ पाहण्याची गोष्ट होती. त्या दिवशी ते त्याच्या स्वतःच्या शरीरावर वापरले गेले.

लोखंडी_सळई

मी अनेक वर्षे वेटलिफ्टिंग करते आणि आता मुलींना शिकवते. त्यामुळे मला आपल्या प्रसंगातल्या दुसऱ्याच गोष्टीविषयी बोलायचे आहे.

प्रौढ माणसाला खांद्यांवर आडवे घेऊन उतार उतरताना कोणीही सहज गप्पा मारू शकत नाही. चढापेक्षा उतार फसवा असतो, कारण प्रत्येक पावलाला मांडीच्या स्नायूंना ताणलेल्या अवस्थेत दोघांचे वजन आवरून धरावे लागते. काही वेळाने गुडघे थरथरू लागतात आणि पाऊल कुठे पडेल याचा भरवसा राहत नाही. उत्तम तयारीची अग्निशामक स्त्रीदेखील धापा टाकेल, थांबेल, भार या खांद्यावरून त्या खांद्यावर घेईल, कदाचित एखादी शिवीही हासडेल. आपण तिचे दमणे काढून टाकले आहे. त्यामुळे ती बलवान स्त्री न राहता एक चमत्कार झाली आहे, आणि चमत्कारापुढे नायक बिचकला तर त्यातून त्याच्याविषयी काहीच कळत नाही. तिला घाम येऊ द्या. मग तो घाम, तो श्वास आणि त्या हातांची पकड यांच्यापासून तो दूर सरकला, तर तो एका माणसापासून दूर सरकला असे होईल आणि ते वाचकाला लागेल.

कथांमधल्या बलवान स्त्रियांविषयी माझी जुनी तक्रार हीच आहे. त्यांना अफाट ताकद दिली जाते, पण ती ताकद ज्या शरीरात राहू शकेल ते शरीर दिले जात नाही. तळहातावरचे घट्टे, बाहीत न मावणारे दंड, जाड मान, भरपूर भूक, लवकर झोपण्याचा आग्रह, दुखऱ्या पाठीमुळे बदललेली बसण्याची ढब, यांतले काहीच पानावर येत नाही. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे वेटलिफ्टिंग २००० साली आले, कुस्ती २००४ साली आणि बॉक्सिंग २०१२ साली. इतक्या वर्षांत अशी शरीरे पडद्यावर सर्वांनी पाहिली आहेत. लेखकांनी त्यांच्याकडे नीट पाहिले, तर निम्मे काम तिथेच होईल. वजनगटांमुळे त्यांत ठेंगण्या, शिडशिडीत, धिप्पाड अशा सगळ्या प्रकारच्या स्त्रिया असतात, हेही लक्षात घ्यावे.

प्रत्यक्षात पुरुषांची माघार मी कशी पाहिली आहे, तेही सांगते. उघड नापसंती फार थोडे जण बोलून दाखवतात. बहुतेक वेळा ती काळजीच्या रूपाने येते. "आता एवढे पुरे, याहून जास्त वजन उचलू नकोस, पुढे त्रास होईल." असे म्हणणाऱ्याला त्या खेळातले काही ठाऊक नसते, पण स्वर हितचिंतकाचा असतो आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण जाते. काही जण सारखे पंजा लढवायला बोलावतात. काही जण चारचौघांत तिच्या ताकदीचे कौतुक इतक्या वेळा करतात की तिच्याविषयी बोलण्यासारखे दुसरे काही आहे असे वाटूच नये. आपला नायक सुसंस्कृत आहे. तो हात मागे घेण्याआधी बहुधा काळजी करू लागेल.

तिसरा_प्रहर

वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून मला एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. एखाद्या पुरुषाला विशिष्ट बांध्याची स्त्री आवडली नाही, तर तो काही अपराध नव्हे. कोणाला कोण आवडावे हे कोणाच्याही हातात नसते, आणि विचाराने पुरोगामी असलेल्या माणसाने आपली आवडही विचारांबरोबर बदलून घ्यावी अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. स्त्रियाही ठेंगण्या किंवा नाजूक पुरुषांविषयी असेच बोलतात आणि त्याबद्दल कोणी त्यांची झडती घेत नाही.

म्हणून मला वाटते की नायकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. त्याची ओढ ओसरली, तर ओसरू द्या. त्याने ते तिला सभ्यपणे सांगावे आणि दोघांनी आपापल्या वाटेने जावे. प्रेम संपण्याला प्रत्येक वेळी समाजरचनेचे कारण असलेच पाहिजे असे नाही, आणि अशी साधी, दुःखाची पण कोणालाही दोषी न ठरवणारी कादंबरी मी आवडीने वाचेन.

रेघोट्या

सर्वांचे आभार. दमण्याविषयीची सूचना मी लगेच स्वीकारतो. तो प्रसंग पुन्हा लिहावा लागेल हे वाचता क्षणीच पटले.

तिसरा_प्रहर, आपला आक्षेप मला गंभीर वाटतो. पण माझ्या नायकाची ओढ आधी होती, आणि तीव्र होती. ती एका विशिष्ट घटनेनंतर गेली. ही नुसती आवड-निवड नसून भीती आहे, हे वाचकाला कसे कळावे? नायकालाच ते कळलेले नाही आणि निवेदन त्याच्या बाजूने चालले आहे, त्यामुळे मला ते थेट सांगता येत नाही.

समासातली_टीप

मी कथा-कादंबऱ्यांचे संपादन करते. आपला शेवटचा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहिते.

महाभारताच्या आदिपर्वात अर्जुन मणिपूरला जातो, चित्रवाहन राजाची कन्या चित्रांगदा त्याच्या दृष्टीस पडते आणि त्याला ती हवीशी वाटते. राजाची अट एवढीच की होणारा मुलगा आपल्या वंशाचा वारस म्हणून इथेच राहील. अर्जुन ती मान्य करतो. तिला नाकारण्याचा प्रसंग तिथे नाहीच. तो घडवला रवींद्रनाथ ठाकूर यांनी, १८९२ च्या आपल्या 'चित्रांगदा' या नाट्यकाव्यात. त्यांची चित्रांगदा पुत्राप्रमाणे वाढवलेली, धनुर्विद्येत तरबेज अशी आहे. ती अर्जुनापुढे आपले मन उघड करते आणि तो ब्रह्मचर्यव्रताचे कारण देऊन तिला परतवतो. मग ती मदनाकडे सौंदर्य मागते, तिला ते एका वर्षापुरते मिळते, आणि तेच व्रत तो त्या सौंदर्यापुढे सहज सोडून देतो.

लेखकाने इथे काय केले ते पाहा. अर्जुन बिचकला असे तो कुठेही म्हणत नाही. आधी व्रताचे कारण पुढे करायला लावतो आणि नंतर ते कारण टिकणारे नव्हते हे कृतीतून दाखवतो. निवेदकाला एका शब्दाचाही निवाडा द्यावा लागत नाही. पुढे तर गावकऱ्यांकडून त्या शूर राजकन्येविषयी ऐकताना अर्जुनाच्याच मनात तिला पाहण्याची उत्कंठा जागी होते, म्हणजे ज्या स्त्रीला त्याने परतवले तिचीच त्याला ओढ लागते. शेवटी ती स्वतःच्या मूळ रूपात त्याच्यासमोर उभी राहते आणि आपल्याला पूजेच्या आसनावर बसवू नये, मागेही ठेवू नये, सोबत चालू द्यावे असे सांगते. जुनी_पोथी यांनी दिलेल्या ब्रुनहिल्डच्या उदाहरणात लग्नाबरोबर बळ संपते. इथे संपते ते उसने सौंदर्य, आणि बळ उरते. माझ्या मते या विषयावरचे हे सर्वांत धीट लेखन आहे.

आपल्या नायकालाही असेच एक व्रत द्या. त्याच्याकडे माघारीसाठी एखादे सन्माननीय कारण असू द्या: कामाचा ताण, आईचे आजारपण, लेखनाला हवा असलेला एकांत. आणि मग दुसऱ्याच एखाद्या प्रसंगी, दुसऱ्याच कोणासाठी, ते कारण क्षणात गळून पडलेले वाचकाला दिसू द्या. नायकाच्या ते लक्षात येण्याची गरज नाही. निवेदन त्याच्या बाजूने चालू राहील आणि वाचक मात्र त्याच्यापुढे एक पाऊल असेल.

तिसरा_प्रहर यांचे म्हणणे मला एका मर्यादेपर्यंत मान्य आहे. आवडीवर खटला भरू नये. परंतु आवड कुठून येते हे विचारणे म्हणजे खटला भरणे नव्हे, आणि कादंबरी तर मुळात त्यासाठीच असते. १९९७ ते २००३ या काळात चाललेल्या 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' या दूरचित्रवाणी मालिकेत हे फार बारकाईने आले आहे. रायली हा सैनिक अलौकिक बळाने रक्तपिपासूंशी लढणाऱ्या बफीच्या प्रेमात पडतो तेव्हा औषधांनी वाढवलेली ताकद त्याच्याजवळ असते. ती ताकद गेल्यावर तो तिच्याशेजारी स्वतःला अनावश्यक समजू लागतो आणि आपण कोणाला तरी हवे आहोत या भावनेसाठी रक्तपिपासूंकडून स्वतःला चावून घेण्यापर्यंत जातो. बफीचे शरीर त्याला आवडेनासे झालेले नसते. तिच्या आयुष्यात आपले काम काय, याचे उत्तर त्याच्याकडे नसते. पुरुषाला लहानपणापासून प्रेमातली त्याची जागा रक्षण करणाऱ्याची म्हणूनच दाखवलेली असेल, तर रक्षणाची गरज नसलेल्या स्त्रीशेजारी तो रिकाम्या हाताने उभा राहतो. हे समजून लिहिले तर त्याच्याविषयी सहानुभूतीही टिकते आणि तिच्या बळाला कात्रीही लागत नाही.

एक व्यवहाराचा प्रश्न विचारते. नायक खांद्यावर असताना समोरून कोणी आले का? त्या वाटेवर त्याला ओळखणारा एखादा माणूस भेटला, हसून एखादे वाक्य बोलून गेला, तर त्याची माघार तिच्यापासून आहे की त्या हसण्यापासून, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. मला ती शक्यता अधिक समृद्ध वाटते.

जुनी_पोथी

चित्रांगदेच्या उल्लेखामुळे आदिपर्वातलीच हिडिंबा आठवली. भीम तिच्या बळाने मुळीच बिचकत नाही. ती त्याला घेऊन आकाशातून विहार करते. मात्र त्याच्यासमोर येण्यापूर्वी तीही सुंदर मानवी रूप धारण करते. बळ चालते, पण ते दिसता कामा नये, हा व्यवहार किती जुना आहे ते यावरून लक्षात येईल.

उलट बाजूचेही एक उदाहरण नोंदवून ठेवतो. १५३२ साली पूर्ण रूपात प्रसिद्ध झालेल्या आरिओस्तोच्या इटालियन महाकाव्यात ब्रादामान्ते ही योद्धी अशी अट घालते की जो आपल्यापुढे रणात टिकेल त्यालाच आपण वरू. तिचा प्रियकर रुज्जेरो परिस्थितीच्या फेऱ्यात सापडून दुसऱ्याचे चिलखत चढवून तिच्यासमोर उभा राहतो. ती पूर्ण जोराने लढते, आणि तो सूर्यास्तापर्यंत केवळ वार चुकवत राहतो, तिला इजा होऊ नये म्हणून. तिच्या बळाने त्याचे प्रेम तसूभरही कमी झालेले नाही. अशी पात्रे थोडी असली तरी आहेत.

लोखंडी_सळई

या चर्चेत आतापर्यंत तो काय करतो एवढेच आले. ती काय करते?

नायकाने हात मागे घेतला हे तिला पहिल्याच वेळी कळले असणार. ज्या स्त्रीचे शरीर हेच तिचे कामाचे साधन आहे, तिला दुसऱ्याच्या शरीरातला आखडलेपणा लगेच जाणवतो. बहुधा तिने हे पूर्वीही अनुभवलेले असेल आणि त्यावर काही सवयी लावून घेतल्या असतील. त्याच्यासोबत असताना ती जड पिशवी त्याला उचलू देत असेल, पूर्ण बाह्यांचे कपडे घालत असेल, नवा विक्रम केला तरी घरी सांगत नसेल, मिठी मारताना हात सैल ठेवत असेल. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींमध्ये हे मी पाहते. वजन वाढले की त्या आनंदाने ओरडतात, आणि छायाचित्र काढायची वेळ आली की दंड झाकतात. त्या वेळी मला फार वाईट वाटते, कारण तो दंड त्यांनी वर्षानुवर्षे पहाटे उठून कमावलेला असतो.

आपल्या कथेत डोंगरउताराचा प्रसंग म्हणजे तिने ही सगळी दक्षता पहिल्यांदा सोडून दिली तो क्षण असू शकतो. त्याचा पाय दुखत होता, अंधार पडत होता, आणि तिने काही न लपवता आपले सगळे बळ त्याच्यासाठी वापरले. नेमक्या त्याच क्षणानंतर तो दूर गेला, तर तिला काय वाटले यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिता येईल, आणि ते निवेदन तिच्याच बाजूने असावे असे मला वाटते.

रेघोट्या

हे मी पाहिलेच नव्हते. आतापर्यंतची सगळी प्रकरणे त्याच्या बाजूने आहेत; डोंगराच्या प्रसंगानंतरचे प्रकरण मी तिच्याकडे सोपवून पाहतो. समोरून येणारा माणूसही ठेवतो, आणि त्याचे ते वाक्य तिनेही ऐकलेले असेल. त्यानंतर तिने त्याला पुन्हा जवळ करावे की नाही, हे मी आधी ठरवले होते. आता तिचे प्रकरण लिहून होईपर्यंत ते ठरवणार नाही.

तिसरा_प्रहर

ते प्रकरण झाले की इथे जरूर द्या. नायकाच्या बाजूने मी बोललो होतो आणि ते मत मी सोडलेले नाही; पण तिला सारे कळले आहे आणि तरीही ती मिठीत हात सैल ठेवते, हे वाचल्यापासून मला त्याने निदान एकदा तरी तिच्यासमोर खरे कारण बोलून दाखवावे असे वाटते आहे. त्याला ते सापडले नसेल तर "मला सांगता येत नाही" एवढे तरी त्याने बोलावे. व्रताचे कारण देऊन त्याने जाऊ नये.